फुलावरच्या हरभऱ्याला दिलेलं पाणी

माझी नात नागपूरच्या कॉलेजात सिनेमा शिकते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला स्वतःची एक फिल्म करून द्यावी लागते, त्यावरच पास-नापास. तिनं विषय घेतला आजीचा. कॉलेजचा कॅमेरा घेऊन ती अनसिंगजवळच्या आमच्या शेतावर आली, तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं.

बायको लग्नानंतर गावात बालवाडी चालवायची. तिनं ती संसारासाठी सोडली, असं मी पोरांना, पाहुण्यांना, सगळ्यांना सांगत आलो. खरं कारण फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

विहिरीजवळ ती तुरीच्या शेंगा सोलत बसली. नात कानाला हेडफोन लावून कॅमेऱ्यामागे. मी मोटरीच्या खोलीच्या दारात, काही काम नसताना उभा.

"आजी, बालवाडी काहून सोडली?"

"म्या कुठं सोडली? यायनं सोडाले लावली. मले वाशीमले ट्रेनिंगले बलावलं व्हतं..."

मी आत गेलो आणि मोटर चालू केली. त्या आवाजात पुढचं सगळं बुडालं. नातीनं हातानं खूण केली, बंद करा. मी ओरडून म्हणालो, "लाइन जाईन, हरभऱ्याले पानी देनं हाय."

संध्याकाळी नातीनं पुन्हा विचारलं, तर आजी म्हणाली, "झालं आता सांगून." दुसऱ्या दिवशी कॅमेरा परत करायचा होता. नात गेली.

आठवड्यानं तिचा फोन आला. सरांनी फिल्म पाहिली होती. म्हणाले, बाई बोलायला लागते तिथंच फिल्म संपते; महिनाअखेरपर्यंत दुरुस्त कर, नाहीतर वर्ष जाईल. तिचा आवाज रडवेला होता. मी "हो, हो" म्हणत राहिलो. फोन ठेवून बायकोला म्हणालो, "पोरीसाठी एकडाव सांगून टाक ना तिले."

ती डाळ निवडत होती. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं.

"फुलावरच्या हरभऱ्याले पानी कोन देते हो? फूल गळते, लेकराले बी समजते. तुमी मोटर लावली तवाच मी समजली."

हरभऱ्याचं फूल खरंच गळालं होतं. गावात मी ढगाळ हवेवर ढकललं होतं.

"मी माहं सांगतलं व्हतं," ती म्हणाली. "आता तुमचं तुमी सांगा."

मी फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर लागला. नात म्हणाली, "थांबा आबाजी, रेकॉर्डिंग लावते. हं, बोला."

बायको उठून आत जाईल असं वाटलं होतं. ती तिथंच बसून राहिली. मग मला तिच्यासमोरच सुरुवात करावी लागली: पारावरची माणसं 'बाई मास्तरीण झाली, आता चहा तूच मांड' म्हणून मला हसायची ते, आणि एका सकाळी तिला न विचारता मी वाशीमला बालवाडीच्या साहेबांकडे जाऊन 'ती ट्रेनिंगला येणार नाही' असं सांगून आलो ते.