एक पेशंट, एक पास

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने एक पांढरा गोळा दाखवला. दोन भुवयांच्या मागे, थोडा आत, लिंबाएवढा.

"याला मेनिन्जिओमा म्हणतात," ते म्हणाले. "मेंदूवर एक पातळ आवरण असतं, त्यातून वाढलेली गाठ. बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सरची नसते. पण जागा अडचणीची आहे. वासाच्या नसांवर बसलीय आणि आता डोळ्यांच्या नसांकडे सरकतेय. काढावी लागेल."

माझी बायको फिलोमिना, म्हणजे आमची फिलू, शांतपणे म्हणाली, "म्हणजे माझं नाक खराब नव्हतं."

"नाक ठणठणीत आहे तुमचं."

तिने माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस, नेल्सन?"

मी ऐकलं. मला माझंच एक वाक्य आठवलं. काही महिन्यांपूर्वी तिने वास आलेले बोंबील तळून ताटात वाढले होते. वसईची मुलगी, मासळीची पारख रक्तात असलेली, आणि तिला कळलं नाही. मी ताट बाजूला सारून म्हणालो होतो, "नाक काय गहाण ठेवलंस?" ती नुसती उठून गेली होती.

आम्ही नेरूळला राहतो. मासळी सारसोळ्याच्या कोळणीकडूनच घेतो. "ताजा हाय गो बाय, वास घेऊन बघ," असं ती म्हणायची आणि फिलू पिशवी पुढे करायची. वास येतच नव्हता, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कोविडनंतर राहिलेलं असेल, असं तिला वाटायचं. नाकाच्या डॉक्टरांनी फवारा दिला, तो तिने नेमाने मारला.

मग एका सकाळी शेजारच्या शबानाभाभी दार बडवत आल्या. "अगो फिलोमिना, गॅस उघडा हाय तुझा! जिन्यात वास भरलाय!" फिलू ओट्यापाशीच उभी राहून भाजी चिरत होती. त्या दिवशी आम्ही घाबरलो आणि एमआरआय झाला. एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात झोपवून शरीराच्या आतले फोटो काढतात. दुखत नाही, आवाज मात्र फार होतो. तुमच्या घरी कुणाचा करायचा असेल तर कानात बोळे मागून घ्या.

मी तुर्भ्याला एका कारखान्यात तपासनीस आहे. माल बाहेर जाण्याआधी तो पुन्हा पुन्हा बघणं हे माझं काम. शंका घेण्याचाच मला पगार मिळतो. फिलूची फाइलही मी तशीच हाताळली. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, म्हणून दुसऱ्यांकडे गेलो. त्यांनी तेच सांगितलं, म्हणून तिसऱ्यांकडे. दुसरं मत घेणं योग्यच आहे, तुम्हीही घ्या. पण मी मत घेत नव्हतो. कुणीतरी "काही होणार नाही" असं लिहून देईल म्हणून हिंडत होतो.

जपमाळ रोज करायचो. एका हातात माळ, दुसऱ्या हातात मोबाईल, मोबाईलवर ऑपरेशननंतर काय काय बिघडू शकतं ते. आणि मग प्रार्थनेत परमेश्वराला तेच वाचून दाखवायचो. रक्तस्राव नको, फिट नको, संसर्ग नको, डोळे सांभाळ. जणू त्याला विषय नवीन होता.

या हिंडण्यात दिवस गेले आणि फिलू उजव्या बाजूने कुणी आलं की दचकायला लागली. तिथली नजर अंधुक झाली होती. पहिल्या डॉक्टरांकडे परत गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. "विचारा हवं तितक्यांना," एवढंच म्हणाले, "पण गाठ तुमच्यासाठी थांबणार नाही."

ते वाक्य मला अजून टोचतं. काळजी घेणं आणि काळजी करणं यात फरक असतो. मी करत होतो, आणि घेतोय असं समजत होतो.

फिलू दाखल झाली. ऑपरेशनचं नाव क्रेनिओटॉमी. कवटीचा छोटा तुकडा उघडून गाठ काढायची आणि तुकडा परत बसवायचा. मी तो शब्द लगेच मोबाईलवर शोधायला लागलो. फिलूने केस किती कापणार एवढंच विचारलं.

हॉस्पिटलचा नियम होता, एक पेशंट, एक पास. गळ्यात अडकवायचा हिरवा पास ज्याच्याकडे, तोच लिफ्टने वर जाणार. तो मी गळ्यातून काढतच नव्हतो. फिलूची बहीण आली की नाइलाजाने तिला द्यायचो, आणि पाच मिनिटांत खाली बोलावून घ्यायचो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या पॅरिशचे, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चचे, फादर आले. फिलूनेच त्यांना फोन केला होता. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार तिला हवा होता. मला लॉबीत त्यांच्या हातात ती तेलाची लहान डबी दिसली आणि मी लिफ्टच्या वाटेत जाऊन उभा राहिलो.

आमच्या गावात म्हातारी माणसं याला शेवटचं तेल म्हणायची. लहानपणी मी बघितलं होतं. फादर तेल घेऊन एखाद्या घरी गेले की शेजारच्या बायका पदर डोळ्याला लावायच्या, आणि दोनेक दिवसांत चर्चची घंटा व्हायची. आता चर्चमध्ये सांगतात की हा संस्कार बरं होण्यासाठी, बळ मिळावं म्हणून आहे, मरणाची वाट बघायची गरज नाही. मला हे पाठ होतं. पण डबी बघितली आणि मला ती घंटाच ऐकू आली.

"फादर, ती झोपलीय," मी म्हणालो. "औषधाची गुंगी आहे. आज नको."

"मी थांबतो थोडा वेळ. घाई नाही."

ते खुर्चीवर बसले. मी कँटीनमधून दोन चहा घेतले आणि वर गेलो. पास माझ्याच गळ्यात होता.

फिलू उशीला टेकून दाराकडे बघत होती. "फादर आले नाहीत रे?"

"कामात असतील."

"विसरले वाटतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिने चहा घेतला नाही.

मी पुन्हा खाली आलो तेव्हा फादर गेले होते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं नाही. सकाळच्या रक्ततपासणीत सोडियम फार कमी निघालं. त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात, म्हणजे रक्तातलं मीठ घसरणं. "अशा वेळी भूल देणं धोक्याचं," डॉक्टर म्हणाले. "आधी हे हळूहळू वर आणू, मग बघू."

मला वाटलं, ही माझी शिक्षा. फादरांशी खोटं बोललो, म्हणून हे. दुपारपर्यंत मी तो विचार चघळत बसलो आणि शेवटी फिलूच्या पलंगापाशी बसून सगळं सांगून टाकलं. फादर आले होते, खाली बसले होते, तू झोपलीयस असं मी त्यांना सांगितलं.

ती हसेल किंवा रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली.

"मी रात्रभर समजत होते की फादरांना माझा कंटाळा आला! तू देवालाही भेटीच्या वेळा लावल्यास?"

"मला भीती वाटली, फिलू. तेल म्हटलं की..."

"डोकं कुणाचं उघडणार आहेत? माझं. भीती कुणी धरून बसायची? तू?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि हे मीठबीठ तुझ्यामुळे कमी झालेलं नाही. तुझ्या एका थापेने माझं रक्त बदलायला तू एवढा मोठा कोण लागून गेलास?"

पलीकडच्या पलंगावरच्या साताऱ्याच्या मावशी पांघरुणात तोंड घालून हसत होत्या.

"फादरांना फोन लाव," फिलू म्हणाली. "ते आले की पास त्यांच्या गळ्यात घाल. आणि तू खाली बस."

फादर संध्याकाळी आले. मी मान खाली घालून म्हणालो, "काल मी खोटं बोललो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "झोपलेल्या बाईसाठी तू दोन चहा घेऊन गेलास."

मी पास काढून त्यांच्या हातात दिला. गळ्याला एकदम हलकं वाटलं, आणि भीतीही वाटली. लिफ्टचं दार बंद झालं. वर काय चाललं असेल, नर्सने बीपी बघितलं का, सलाईन संपत आली का, मला काहीच कळणार नव्हतं. मोबाईल काढला आणि परत खिशात ठेवला. सिक्युरिटीवाला म्हणाला, "बसा काका, पंख्याखाली बसा."

मी बसलो. आणि किती दिवसांनी, वाचून दाखवायला काही नसलेली प्रार्थना केली. प्रभू, ती माझी आहे त्याआधी तुझी आहे. एवढंच. शब्द संपले तरी मी उठलो नाही. तिथे, त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, माझ्या छातीतली धडधड बसली. लक्षात घ्या, तोवर काहीही चांगलं घडलेलं नव्हतं. सोडियम तसंच होतं, गाठ तशीच होती. ऑपरेशन चांगलं झालं म्हणून मी विश्वास ठेवला असं कुणाला वाटू नये, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

फादर खाली आले आणि पास माझ्या हातात ठेवला. "कपाळाला लावलं, तळहातांना लावलं. तिने कन्फेशनही केलं," ते म्हणाले. "त्यात तू होतास की नाही, ते मी सांगू शकत नाही." आणि हसत निघून गेले.

वर गेलो तर फिलू तळहात नाकाशी धरून बसली होती. "ऑलिव्हचं तेल आहे म्हणे," ती म्हणाली. "कसा वास आहे रे?"

मी तिचा हात नाकाशी नेला. वास अगदी हलका होता, कच्च्या कैरीच्या देठासारखा. मी तसं सांगितलं. तिने मूठ मिटली.

सोडियम सावरलं आणि ऑपरेशन झालं. त्या दिवशी पास मी तिच्या बहिणीला दिला आणि पंख्याखालच्या खुर्चीवर बसलो. भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण मी कुणाला प्रश्न विचारत फिरलो नाही. डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. "गाठ पूर्ण निघाली. डोळ्यांच्या नसा मोकळ्या झाल्यात, नजर सुधारेल असं वाटतं. वासाच्या नसा मात्र वाचवता आल्या नाहीत. वास आता येणार नाही." काही दिवसांनी बायॉप्सीचा, म्हणजे गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला. गाठ साधीच होती.

डॉक्टर, नर्स, शबानाभाभी, सगळ्यांचे आभार मानून झाले. शबानाभाभींच्या आग्रहावरून स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवला. ज्यांच्या घरी असा रिपोर्ट आला असेल त्यांना एवढंच सांगेन. चांगला डॉक्टर शोधा, औषधं वेळेवर द्या, आणि पेशंटने फादरांना बोलावलं असेल तर वाटेत उभे राहू नका.

आता सारसोळ्याला मी फिलूबरोबर जातो. डोळे तिचे चांगले झालेत, कल्ल्यांचा रंग तीच बघते. मागच्या रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर गेलो होतो. तिने पापलेट उचलून माझ्या नाकापुढे धरलं.

"बघ."

"ताजं आहे."

तिने लगेच ते पिशवीत टाकलं. सवयीने मी म्हणालो, "थांब, परत एकदा बघतो."

"तू सांगितलंस ना?" फिलू म्हणाली, आणि पुढच्या टोपलीकडे वळली.