चुडामण सरांचे शुभाशीर्वाद

माईक दिसला की चुडामण सर सफारीचं वरचं बटण लावत. मे महिन्यातसुद्धा. चोपडा तालुक्यातल्या मे महिन्यात वरचं बटण लावणारा माणूस एक तर नवरदेव असतो किंवा वक्ता.

सर गावच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक. संस्थेचे अध्यक्ष जाहिरातीच्या विरुद्ध नव्हते. फक्त जाहिरातीच्या खर्चाच्या विरुद्ध होते. त्यामुळे इतर शाळा जे काम भिंतीवर रंगवून किंवा रिक्षाला भोंगा बांधून करून घेत, ते इथे सरांच्या गळ्याकडे आलं होतं. सप्त्याची सांगता असो, दूध डेअरीचं उद्घाटन असो, लग्न असो की सुतक फिटण्याच्या दिवसाची गंधमुक्ती, सरांना दोन शब्द बोलायला सांगत आणि ते दोन शब्द फिरून फिरून शाळेच्या आवारात येऊन थांबत. लग्नात ते सांगत, की संसाराचा पाया पक्का हवा, तसाच पाचवीचाही. दहाव्याला गेले तर गेलेल्या माणसाची गावावर किती माया होती ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत सांगत आणि त्याच मायेला स्मरून नातवंडांचे दाखले वेळेत काढायला सांगत. 'मृतात्म्यास शांती लाभो' आणि 'प्रवेश मर्यादित आहेत' ही दोन वाक्यं त्यांच्या तोंडी इतकी जवळ आली होती, की मधला श्वास ऐकू येत नसे.

प्रवेश मर्यादित होते हे खरंच होतं. कोणत्या बाजूने मर्यादित होते, एवढं सर सांगत नसत.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ही मर्यादा फारच आवळली. चोपड्याचे कापसाचे व्यापारी ज्ञानचंद शेठ यांच्या इंग्रजी शाळेची पिवळी मेटॅडोर गावापर्यंत यायला लागली होती. चौथी पास झालेलं मराठी पोरगं ती शाळा एक इयत्ता मागे बसवून घेई, आणि मागे बसायचे पैसे पालक आनंदाने भरत. इकडे पाचवीची 'ब' तुकडी भरेना. तुकडी तुटली तर सगळ्यांत नवीन शिक्षिका अतिरिक्त ठरणार होती. म्हणजे हिंदीच्या लताबाई मॅडम. त्यांना पाचोऱ्याकडच्या एका शाळेत पाठवणार अशी बातमी होती. नवरा चोपड्याच्या जिनिंगमध्ये, मुलगी बालवाडीत. जिल्हा एकच असला म्हणून काय झालं, संसाराची दोन टोकं झाली असती.

"सर, माझी नोकरी तुमच्या गळ्यावर आहे," लताबाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. "खडीसाखर आणून ठेवू का?"

"गळा तयार आहे मॅडम. श्रोते मिळाले पाहिजेत."

"श्रोते भरपूर आहेत सर. पोरं नाहीत."

सगळी मदार जीवराम आबांवर होती. आबा केळीचे कंद कुठून आणतात ते पाहून गल्ली कंद आणी, आणि आबा नातवंडं कोणत्या शाळेत घालतात ते पाहून नातवंडं घाली. आबांचं मन मेटॅडोरकडे झुकलं होतं. पण त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं, आणि पत्रिकेत शुभाशीर्वादांच्या रांगेत चुडामण सरांचं नाव छापलेलं होतं. सरांना एवढं पुरे होतं.

अडचण इतकीच, की त्याच दिवशी सकाळी शेजारच्या गावात एक गंधमुक्ती निघाली. लोक लग्नासाठी तिथी बघतात. मरणारा बघत नाही. सर सकाळी तिथे बोलले, चांगलं बोलले, आणि तोच सूर गळ्यात घेऊन संध्याकाळी आबांच्या मांडवात आले.

मांडवात कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. बँड ऐन रंगात होता. फेट्यांवरून सोयरे रुसले होते. पोरं खुर्च्या उलट्या करून गाड्या गाड्या खेळत होती. भटजी घड्याळ बघून दमले होते. पुढच्या सोफ्यावर ज्ञानचंद शेठ बसले होते. बायकांत लताबाई पत्रिकेने वारा घेत होत्या. आबा सकाळपासून ओरडून घोगरे झालेले.

सरांनी बटण लावलं आणि सुरुवात केली. टाय गळ्यात असतो पण विद्या डोक्यात असावी लागते, हे त्यांनी शेठजींकडे न बघता सांगितलं. कोणी ऐकलं नाही. आवाज चढवला, तर बँडनेही चढवला. शेवटी सर भरल्या गळ्याने म्हणाले, "या कुटुंबाने गावासाठी जे केलं ते आपण कधीच विसरू शकणार नाही," आणि इथून पुढे जीभ सकाळच्या वाटेने गेली. "आता सर्वांनी आपापल्या जागी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

या सूचनेवर 'का' आणि 'कोण' विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. आधी पुढचे म्हातारे उठले आणि त्यांनी टोप्या काढल्या. ते उठले म्हणून मागचे उठले. क्लॅरिनेटवाल्याने क्लॅरिनेट खाली घेतलं. ज्ञानचंद शेठ उभे राहिले. नवरदेव उभाच होता, त्याने मान खाली घातली. मांडवात फक्त जनरेटर बोलत होता.

"कोन मरनं वं बाई?" नवरदेवाची आत्या बेबाबाई शेजारणीला कुजबुजली.

"माले काय माहीत! उभी ऱ्हाय."

चूक सरांच्या लक्षात आली होती. पण शांतता स्वतःच मागितली असल्यामुळे मोडता येईना. सरांचे कान लाल होत गेलेले लताबाईंना एवढ्या लांबून दिसले. अखेर सर कसेबसे म्हणाले, "शुभं भवतु. मंगलाष्टकं!" आणि भटजींनी ही संधी सोडली नाही. वऱ्हाड उभं आणि गप, अशी मंगलाष्टकं तालुक्यात आजवर कोणी ऐकली नव्हती. अक्षतासुद्धा भटजींना सोडून नवरानवरीवर पडल्या.

पंगतीत सर पानाकडे बघत बसले होते. लताबाई जवळून जाता जाता म्हणाल्या, "सर, पाचोऱ्याला सकाळची एस.टी. असते ना?"

तेवढ्यात आबा आले. "मास्तर, लगीन शे हाई. गंधमुक्ती नही."

"चुकलं आबा."

"चुकनं ते चुकनं. पन बठ्ठा मांडव गप! मी सकायपाईन वरडी ऱ्हायनू, कोनी आयकं नही. तुम्ही येकदाव सांगं आन बँडवाला बी गप!" मग आबा शेठजींकडे वळले. "शेठ, तुम्हनी गाडीमा पोऱ्या इतला गोंधळ करतस, फाटापाईन आयकू येस."

"आबा, तो इंग्रजीतला गोंधळ आहे," ज्ञानचंद शेठ म्हणाले.

"मंग ते आजूनच वाईट. काय बोली ऱ्हायनात, ते बी समजत नही."

आबांची नातवंडं पाचवीत आली. त्यांच्यामागे गल्ली आली. 'ब' तुकडी राहिली आणि लताबाईही राहिल्या.

शाळा उघडली त्या दिवशी आबा स्वतः पोरं सोडायला आले. विकत घेतलेली शांतता बघावी, असाही हेतू होता. 'ब'च्या खोलीत बाकं आपटत होती आणि एक पोरगं खिडकीला लोंबकळत होतं.

"हाई काय शे?" आबांनी विचारलं.

"सर अजून बोलायला उभे राहिले नाहीत आबा," लताबाई गंभीरपणे म्हणाल्या.

सर लगबगीने व्हरांड्यात आले आणि बोलायला लागले. पोरं खरोखरच गप होत गेली. मागच्या बाकावरची दोन तर डोळे मिटून. आबा समाधानाने पायरीवर टेकले. भाषण प्रवेश घेण्याच्या महत्त्वावर होतं. प्रवेश सगळ्यांचेच झाले होते, पण सरांकडे दुसरं भाषण नव्हतं. लताबाईंनी हजेरीपट उघडला आणि त्या शांततेत पाचवी 'ब'ची नावं लिहायला घेतली.