मामांच्या दोन सह्या

माझ्या मामेसासऱ्यांइतका सहीला घाबरणारा माणूस निगडीपासून चाकणपर्यंत दुसरा दाखवा, मी माझी दुचाकी त्याच्या नावावर करून देतो. फक्त त्या कागदांवर साक्षीदार म्हणून मामांना बोलावू नका, नाहीतर गाडी भंगारात निघेल तरी व्यवहार पुरा व्हायचा नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे, शुभाचे सख्खे मामा. मोशीच्या जुन्या घरांपैकी एका घरातले. शेतं गेली, त्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, पण मामांच्या तोंडची भाषा जागची हलली नाही. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं वजनकाट्यावर काढली. ट्रक भरलेला आला की तोलायचा, रिकामा झाला की पुन्हा तोलायचा, मधला फरक पावतीवर लिहून खाली सही ठोकायची, हे त्यांचं काम. त्यामुळे ड्रायव्हर, हमाल, वॉचमन आणि मॅनेजर सगळे त्यांना 'काट्यावरचे मामा' म्हणायचे. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण काटा काही मामांच्या अंगातून उतरलेला नाही.

भाजीवाल्यासमोर उभे राहिले की मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आदी शून्य दाव." काट्यावर शून्य दिसल्याशिवाय ते वांग्याला हात लावत नाहीत. वांगी तोलून झाली की परडी रिकामी करायला लावतात आणि पुन्हा शून्य बघतात. मागे उभ्या असलेल्या बायका मनातल्या मनात काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे, कारण शुभा ते मोठ्याने म्हणते. पण मामांना खरं तर काटा लागतच नाही. वस्तू हातात घेतली की त्यांना वजन कळतं. आमची मुलगी झाली तेव्हा मामांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "दोन किलो नऊशे." नर्स म्हणाली, दोन आठशे पन्नास. मामांनी शांतपणे सांगितलं की काट्याखाली काहीतरी अडकलंय बघा. पाहिलं तर काट्याच्या एका पायाखाली कापसाचा बोळा होता. गॅसचा सिलिंडर आला की ते तो नुसता तिरपा करतात आणि डिलिव्हरीवाल्याकडे असे बघतात की तो बिचारा न विचारता दुसरा आणून देतो. याला कुणी 'अंदाज' म्हटलेलं मात्र त्यांना खपत नाही. "अंदाज न्हाई, वजन हाय ते," असं ते दरडावतात.

सहीचं प्रकरण याच्याही वरचढ. कुरिअरवाला दारात मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, काका, इथे बोट फिरवा. मामा चष्मा शोधतात आणि विचारतात, "कशाखाली फिरवू? वर मजकूर कुठाय?" मजकूर नाही म्हटल्यावर सहीही नाही. मामींचं मिक्सरचं भांडं असं तीनदा दारातून परत गेलं. शेवटी मामींनी ते माझ्या पत्त्यावर मागवलं आणि भाचेजावयाच्या बेफिकीर सहीवर सोडवून घेतलं. मी मोशीत फ्लॅट घेतला तेव्हा मामांना साक्षीदार म्हणून नेण्याची चूक केली. बिल्डरच्या माणसाने जिथे जिथे खूण केली होती तिथे मी भराभर सह्या करत होतो आणि मामा बाकावर बसून पहिल्या पानापासून करारनामा वाचत होते. नोंदणी कार्यालयातला आमचा टोकन नंबर गेला, जेवणाची सुट्टी झाली, बिल्डरच्या माणसाने दोनदा घाम पुसला. दुपारनंतर मामांनी मान वर केली. "जावईबापू, यात तुमचं पार्किंगच न्हाई." खरंच नव्हतं. त्या दिवसापासून मी मामांना हसणं थोडं कमी केलं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तर कहर झाला. डॉक्टरांनी संमतीपत्र पुढे केलं. मामा म्हणाले, "मला दिसत न्हाई म्हणून तर आलोय. आदी डोळा करा, मग वाचतो, मग सही." डॉक्टर म्हणाले, सही आधी लागते. मी वाचून दाखवतो म्हणालो, तर मामांनी माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. त्या नजरेचा अर्थ, तुम्ही पार्किंग नसलेल्या करारावर सही केलेला माणूस आहात, असा होता. अर्धा तास हा तमाशा चालला. अखेर मामी पुढे झाल्या. "आणा तो कागद इकडं. डोळा गेला तर माज्या नवऱ्याचा जाईल," म्हणत त्यांनी सही केली आणि मामांना आत ढकललं.

हे सगळं ऐकून लोक हसतात, मीही हसत हसतच सांगतो. पण ही भीती मामांना जन्मजात नव्हती. उलट काट्यावर असताना ते झोकदार सही करायचे, शेवटी दोन टिंबं देऊन. ती भीती त्यांच्या अंगी कुठून शिरली, ते मला ठाऊक आहे आणि ते सांगताना मला हसू येत नाही.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असतानाची गोष्ट. दुपारी पहिली शिफ्ट सुटायच्या बेताला कंपनीच्या गेटवर पोलिसांची जीप आली. त्यांना एका झडतीसाठी दोन पंच हवे होते. आमच्या पट्ट्यातला हा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. पंच लागले की पोलीस जवळच्या कंपनीत येतात, ऑफिसातला माणूस त्या घटकेला मोकळ्या असलेल्या कुणालातरी पाठवतो आणि जाणाराही चहा मिळेल म्हणून खुशीने जातो. काट्यावर तेव्हा ट्रक नव्हता. मामा आणि कॅन्टीनचा सुपरवायझर असे दोघे जीपमध्ये बसले.

कंपनीमागच्या पत्र्याच्या चाळीतली खोली. चार कंत्राटी कामगार तिथे तीन शिफ्टमध्ये आळीपाळीने झोपायचे, म्हणून कॉट दोनच होत्या. त्या वेळी खोलीत एकटा सुदाम होता, बीडकडचा, रात्रपाळी करून झोपलेला. कॉटखाली गांजाचं पोतं निघालं. सुदाम सारखा म्हणत होता, "साहेब, हे माझं नाही, मला काहीच ठाऊक नाही बगा." कायद्याप्रमाणे अंगझडती घेण्याआधी माणसाला सांगावं लागतं की तुला हवं तर मोठ्या अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर तुझी झडती होईल. मामांच्या म्हणण्याप्रमाणे सुदामला 'भिंतीकडे तोंड कर' एवढंच सांगण्यात आलं. हवालदाराची कंबर धरली होती, म्हणून पोतं मामांनीच उचललं आणि जीपपर्यंत नेलं. चौदा किलो, फार तर साडेचौदा, बारदानासकट. हाताने सांगितलं आणि मामांनी मनात नोंदवलं. पोलिसांच्या काट्याची बॅटरी उतरली होती. पोलिसांचे साहेब म्हणाले, "वजन चौकीत गेल्यावर भरतो, तुम्ही सही करून ठेवा." तेवढ्यात रस्त्याच्या तोंडाशी कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. साडेतीनची बस चुकली की मोशीला पोचायला दोन टमटम बदलाव्या लागतात. मामांनी जीपच्या बॉनेटवर पंचनाम्याचा कागद ठेवला, वजनाची जागा कोरी आहे हे पाहिलं आणि सही केली. शेवटी दोन टिंबं दिली. बस मिळाली.

सहा-सात महिन्यांनी सुदामची बायको कंपनीच्या गेटवर आली. हातात वकिलाने दिलेल्या कागदांची झेरॉक्स होती आणि त्यावरचं पंचाचं नाव विचारत ती काट्याच्या केबिनपर्यंत पोचली. "मामा, तुम्ही होता ना तिथं? खरंच इतकं होतं का हो?" मामांनी आपण सही केलेला कागद त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. पंचांसमक्ष वजन केले, एकवीस किलो चारशे ग्रॅम. गांजा वीस किलोच्या वर गेला की जामीन जवळजवळ मिळतच नाही आणि गुन्हा शाबित झाला तर दहा वर्षांच्या खाली शिक्षा नाही. हे तिला तोवर पाठ झालं होतं, तिनेच ते मामांना सांगितलं. त्या दिवशी बाहेर चार ट्रक हॉर्न देत उभे होते आणि काट्यावरचे मामा पावतीवर सही करायला तयार होईनात.

खटला उभा राहायला आणखी तीन वर्षं गेली. सुदाम तोवर आतच. दुसरा पंच नोकरी सोडून गेला होता, त्याचा पत्ताच लागला नाही. समन्स मामांच्या नावाने आलं तेव्हा घरात सगळे घाबरले. मीही त्यांच्या शेजारी बसून शहाणपणा केला. म्हणालो, "मामा, सही माझी आहे एवढं म्हणा आणि मोकळे व्हा. पोलिसांच्या विरुद्ध कशाला जाता? आणि तो सुदाम निर्दोष आहे हे तरी कशावरून?" मला आजही त्या बोलण्याची लाज वाटते. मामांनी हातातली वाटी तोलून खाली ठेवली. मग म्हणाले, "पोतं त्याचं असंल, नसंल. ते मला म्हाईत न्हाई, ते कोर्टानं बघावं. पर चौदाचं एकवीस माज्या सहीखाली झालंय."

कोर्टात मी मागच्या बाकावर होतो. मामांनी सगळं सांगितलं. कोरी जागा, उतरलेली बॅटरी, बससुद्धा सांगितली. सरकारी वकिलांनी त्यांना कोर्टाकडून फितूर साक्षीदार म्हणून जाहीर करून घेतलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"ही सही तुमचीच?"

"व्हय, माजीच."

"वाचून केलीत?"

"न्हाई."

"तीस वर्षं वजनाच्या पावत्यांवर सह्या करत होतात. त्याही अशाच, न वाचता?"

"न्हाई साहेब. तीस वर्षांत न वाचता केलेली ही येकच."

"मग वजन चौदा किलो होतं हे कशावरून? तुमचा हात म्हणजे काटा आहे का?"

कोर्टात दोघे-तिघे हसले. मामांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून पाहिले. आरोपीच्या पिंजऱ्यात सुदाम उभा होता. तो हसला नाही. तो मामांच्या हातांकडेच बघत होता.

निकालात लिहिलं होतं की पोलिसांची साक्ष एकमेकांशी जुळते, पंचाने सही कबूल केली आहे आणि हाताने केलेलं वजन हा पुरावा होत नाही. दहा वर्षं. सुदामची वकीलबाई हट्टी आहे, तिने वरच्या कोर्टात अपील केलं. वजन जागेवर झालं नाही आणि अंगझडतीआधी आरोपीला त्याचा हक्क सांगितला नाही, या दोन मुद्द्यांवर ते उभं आहे. मामांची साक्ष कागदावर आहे, ती कामाला येईल, असं ती सांगते. तारखा पडतात. सुदामची बायको लेकरांना घेऊन गावी गेली, तिला वरचेवर येणं जमत नाही. म्हणून महिन्यातून एकदा मामा तुरुंगात भेटीला जातात आणि गाडी मी चालवतो.

पहिल्या भेटीला मामांनी तिथलं रजिस्टरही वाचायला घेतलं. वरचे नियम वाचले, खालची टीप वाचली. नात्याच्या रकान्यात शिपायाने सवयीने 'नातेवाईक' लिहिलं होतं, ते खोडून 'पंच' लिहा म्हणून हुज्जत घातली. भेट वीस मिनिटांची, त्यातली आठ तिथेच गेली. काचेपलीकडून सुदाम फोन कानाला लावून बघत होता. मामा समोर बसल्यावर तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मामा, हितं वाचत नका जाऊ. तेवढाच येळ कमी होतो बगा."

परवाही गेलो होतो. मामा हल्ली थकलेत, पायऱ्या चढताना माझा खांदा धरतात. खिडकीशी आल्यावर मात्र त्यांनी खांदा सोडला, शिपायाने पुढे केलेल्या रजिस्टरवर खूण केलेल्या जागी झर्रकन सही केली आणि चष्मा खिशातून न काढताच आत गेले. शेवटची दोन टिंबं द्यायलाही थांबले नाहीत. मी मागे राहून वाचलं. नात्याच्या रकान्यात 'नातेवाईक' असंच लिहिलेलं होतं. आत काचेसमोर मामा तोवर बसले होते, आणि वीसच्या वीस मिनिटं अजून शिल्लक होती.