पारख्याचा खोकला

धुळ्यात सरकी काढायच्या एका कारखान्यात, म्हणजे आमच्याकडे ज्याला जीन म्हणतात तिथे, मला कापसाची प्रत ठरवायची नोकरी लागली. तोवर कापूस मी वातीत आणि उशीत एवढाच पाहिला होता. मी दोंडाईच्याच्या शाळामास्तरांचा मुलगा, मॅट्रिक झालेला. शेठजींनी कापसाबद्दल चकार शब्द विचारला नाही. इंग्रजीत नाव लिहायला लावलं, अक्षर पाहिलं आणि खुर्ची दिली. मुंबईच्या व्यापाऱ्यांना आता प्रत छापील कागदावर, इंग्रजीत हवी होती.

हे काम आधी जीनमधले जुने पारखी नाना करत. चिमटीत कापूस धरून ओढला की कोणत्या शिवारातला, कितव्या वेचणीचा, पाणी मारून वजन वाढवलंय का, सगळं सांगत. पण त्यांना सही येत नव्हती. शेठजींनी विचारलं, "ओझं उचलता येतं का?" साठीतला पारखी "येतं" म्हणाला, कारण घरी खाणारी तोंडं होती. जीनमध्ये आता दोनच तऱ्हेची कामं उरली होती: बसायची आणि वाहायची. मधल्या माणसांनी कुठे जायचं, याचा विचार करायला कोणाला पगार नव्हता.

पहिल्याच दिवशी मी चक्क ओल्या कापसाला एक नंबर दिला. नाना ओझं टाकून टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, एक खोकला म्हंजे एक नंबर, दोन म्हंजे दोन, तीन म्हंजे तीन. बठ्ठं सोपं शे."

तेव्हापासून नाना ओझं पाठीवर घेताना त्यातला चिमूटभर कापूस ओढून बघत, माझ्यासमोरून जाताना खोकत आणि मी ते इंग्रजीत लिहीत असे. शेठजी माझ्या पारखेवर खूश होते. सांगायला लाज वाटते, पण मलाही स्वतःचं थोडं कौतुक वाटू लागलं होतं.

पण रुईचे तंतू उडतात तिथे खोकला का कोणाच्या ताब्यात राहतो? शिरपूरच्या एका गाडीला नाना अकरा वेळा खोकले. कागदावर नंबर होते तीनच. मी शेवटचा लिहिला आणि गाडीवानाचा चेहरा पडला. आपल्या मालाचा निकाल कशावर लागतो, हे गाडीवानांनी बरोबर हेरलं. पुढच्या आठवड्यात जो तो माझ्यासमोर येऊन अदबीने एकदाच खोकू लागला.

शेठजींना साथीची भारी धास्ती. अंगणभर माणसं खोकताना पाहून त्यांनी डॉक्टर बोलावला. गाडीवान सगळे ठणठणीत निघाले. नानांच्या छातीत मात्र खरंच काहीतरी घरघरत होतं.

"हाच सगळ्यांना लावतोय," शेठजी म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुझ्या टेबलापाशी हाच सारखा खोकतो ना?"

खरं सांगितलं असतं तर नानांचं काम कदाचित वाचलं असतं. माझं नक्की गेलं असतं. मी होकारार्थी मान हलवली. शेठजींनी नानांना तिथल्या तिथे कामावरून काढलं.

फाटकापर्यंत मी नानांच्या मागे गेलो. तिथे तेच वळून म्हणाले, "तू सांगं नही, बरंच कयं, भाऊ. एकनं तरी काम ऱ्हायनं."

त्यानंतर सतरा वर्षं मी त्या खुर्चीवर बसून कापसाची प्रत अंदाजाने लिहिली. मुंबईहून एकदाही तक्रार आली नाही.