शॅमरॉकची पातळ भाजी

दर मार्चमध्ये आयर्लंडचे पंतप्रधान राष्ट्रीय सणानिमित्त काचेच्या बाऊलमध्ये शॅमरॉक घेऊन अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना भेटायला जातात. शॅमरॉक म्हणजे तीन-तीन पानांचं एवढंसं रोप, या देशाचा मान. एरवी ती बातमी आम्ही जेवता जेवता बघून सोडून देतो. त्या वर्षी मात्र इथल्या ड्रोहेडा गावाजवळच्या आमच्या औषधांच्या प्लांटचा सगळा जीव त्या बाऊलमध्ये अडकला होता. आमची औषधं अमेरिकेत जातात, आणि अमेरिका त्यांवर जबर कर लावायच्या गोष्टी करत होती. तसं झालं तर औषधं बनवायची नवी लाइन तिकडे जाणार, आणि माझी कायमची नोकरी त्याच लाइनवर ठरलेली. घर नुकतंच घेतलेलं. मी घरात सगळ्यांवर खेकसत होते.

भेटीच्या दिवशी माझी सुट्टी होती. मी दुकानातून परतले तर घरात लसणाच्या फोडणीचा वास. माझी आई तेव्हा कराडहून आली होती.

"कवळी मेथी दिली बघ शेजारच्या बाईनं," ती म्हणाली. "जुडीभरबी नव्हती. म्हटलं, डाळीत घालावी."

ओट्यावर रिकामी कुंडी होती. शेजारीण प्लांटमध्ये माझी साहेबीण, आणि तिने सणाचं शॅमरॉक दिलं होतं.

"अगं आई, तो त्यांचा देव आहे!" घाईत मला तेवढंच सुचलं.

"मग आपण तुळस खातोच की."

संध्याकाळी शेजारीण ठरल्याप्रमाणे टीव्ही बघायला आली. पडद्यावर आमचे पंतप्रधान खुर्चीच्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. आई म्हणाली, "हा मुलीकडचा दिसतोय, बिचारा. मानपानाचं काय बिनसलंय का?" मी ते इंग्रजीत सांगितलं, तर शेजारीण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तेवढ्यात आईने तिच्या पुढ्यात भाजीची वाटी ठेवली. खाऊन झाल्यावर शेजारणीने विचारलं, हे काय आहे? मी सांगून टाकलं. तशी वाटी पुढे करून तिने आणखी मागितली. "ग्रँड," ती म्हणाली. "इतकी वर्षं आम्ही हे सगळ्यांना देतोय, पण खाऊन बघायचं कुणाला सुचलं नाही."

"तिकडं काय करतात ह्या पाल्याचं?" आईने विचारलं.

सुरक्षेची माणसं नष्ट करतात म्हणे, शेजारीण म्हणाली. बाऊल मात्र ठेवून घेतात.

आईला ते मुळीच पटलं नाही. "एवढ्या मोठ्या घरची माणसं! भांड्यात काहीतरी घालून परत द्यायचं असतं." दुसऱ्या दिवशी तिने त्या कुंडीत मेथीचे दाणे पेरले आणि चांगली उजेडाची जागा शोधून खिडकीत ठेवली. रोपं वर आल्यावरच कुंडी शेजारी गेली.

आई परत गेली. मी बातम्या बघणं सोडून दिलं. उन्हाळ्यात एका दुपारी शेजारीण प्लांटच्या पार्किंगमध्ये धावतच आली आणि तिने मला मिठी मारली. लाइन इथेच राहणार होती.

मी गाडीत बसूनच आईला फोन लावला. सांगताना मला रडू आवरेना.

आई मग म्हणाली, "चला. भांड्यात घालून दिलं म्हणायचं मोठ्या घरच्यांनी काहीतरी."