कुसाबाईंचा पेंढा

जिन्याखालचा फळा माझ्या हातचा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं बॉयलरचे काटे बघितले, रिटायर झालो आणि धनराजशेठच्या नाशिकरोडच्या इमारतीत मॅनेजर म्हणून लागलो. मॅनेजर म्हणजे काय, तर भाडेकरूंनी किती ऊब आणि किती गारवा घ्यायचा ते शेठ ठरवणार आणि मी फळ्यावर लिहिणार. गीझर सकाळी सहा ते साडेसहा. खोलीत पाण्याची कॉइल लावू नये. कूलर लावू नये, वायरिंग जुनी आहे. असे सहा नियम होते. सातवा कुसाबाईंमुळे लिहावा लागला.

कुसाबाई पेठच्या डोंगराकडच्या. आधी द्राक्षांच्या मळ्यात मजुरीला यायच्या. मुलाला सिन्नरच्या कारखान्यात काम मिळालं तेव्हा मुलगा, सून हर्षाली आणि त्या असे तिघं आमच्या गच्चीवर राहायला आले. गच्चीवर पत्र्याच्या दोन खोल्या, एक यांची आणि शेजारची रिकामी. डिसेंबरात अर्ध्या तासाच्या गीझरचं गरम पाणी यांच्या बादलीपर्यंत पोचेना. हर्षाली पोटुशी. बाईंनी सरळ गच्चीत तीन दगड मांडून चूल पेटवली. गच्चीत चूल पेटवू नये, असा सातवा नियम मी लिहिला आणि त्यांना वाचूनही दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि वर जाऊन चुलीत आणखी एक लाकूड सारलं. मी जिना उतरलो.

मार्चमध्ये हर्षालीला मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. जेमतेम दोन किलो. हिला उन्हाच्या झळांपासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि एप्रिलात पत्रा तापला. पोरीचं अंग घामोळ्यांनी भरलं, ती दूध ओढेना. कुसाबाई गावी गेल्या आणि जीपच्या टपावर भाताचा पेंढा बांधून परत आल्या. दोन दिवस पदर खोचून पत्र्यावर चढल्या. पेंढ्याचे थर रचले आणि ठिणगीने पेट घेऊ नये म्हणून वरून शेणमातीचा बोटभर गिलावा दिला. पोर तिसऱ्या दिवशी पोटभर प्यायली.

शेठनी खालून पाहिलं आणि त्यांचं डोकं फिरलं. इमारतीची झोपडपट्टी केली म्हणाले. आठवा नियम, पत्र्यावर पेंढा घालू नये. सोमवारी दुपारपर्यंत काढा, नाहीतर खोली सोडा. मी तो नियमही लिहिला. लाज वाटली, तरी लिहिला.

सोमवारी दोन वाजता शेठ मला घेऊन गच्चीवर आले. कुसाबाईंनी वाद घातला नाही. पेंढा काढते म्हणाल्या, पण आधी चहा. शेठ चहाला कुठेच नाही म्हणत नाहीत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. पोर झोपलीय, असं सांगून बाईंनी आम्हाला शेजारच्या रिकाम्या खोलीत बसवलं. तिथे नुसता पत्रा. हातात कोऱ्या चहाचे स्टीलचे ग्लास दिले, काठोकाठ भरलेले, उकळते. ग्लास धरवेना, चहा पिववेना, उठावं तर चहा टाकून उठल्यासारखं होतं. शेठचा सदरा पाठीला चिकटला. हवेचं तापमान मोजायचं थर्मामीटर मी सोबत आणून भिंतीवर टांगलं होतं, बॉयलरवरची जुनी खोड. पारा पंचेचाळीसवर होता.

चार घोट घेऊन शेठ उठू लागले, तशा बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या गावाकडे लहानथोर सगळ्यांनाच अरे-तुरे.

"बस शेठ. पेंढा काढला तं माझी नात दिवसभर ह्याच पत्र्याखाली राहील. तुला एक ग्लास च्या निभत नाय?"

शेठ बसले. ग्लास संपवला. मग बाईंनी आम्हाला आपल्या खोलीत नेलं. पोर झोळीत गाढ झोपली होती. थर्मामीटर मी हातातच आणलं होतं. थोड्या वेळाने पारा छत्तीसवर आला. मी ते शेठपुढे धरलं. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग झोळीकडे, आणि जिना उतरताना म्हणाले, पावसापर्यंत राहू द्या.

"पावसातबी राहील," कुसाबाई वरून म्हणाल्या.

संध्याकाळी त्या फळ्यापाशी आल्या आणि आठवा नियम कुठला ते विचारलं. मी बोट दाखवलं. त्यांनी तो पदराने पुसला आणि त्या जागी काय लिहायचं ते मला सांगितलं. माझी नोकरी डोळ्यांपुढे आली. पण तीस वर्षं मी बॉयलरसुद्धा प्रमाणाबाहेर तापू दिला नव्हता, आणि इथे त्या तान्ह्या पोरीला तापू दिलं होतं. लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी ते पुसलं. मी पुन्हा लिहिलं. तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, निवृत्तीभाऊ, मला दुसरा मॅनेजर मिळेल. मी म्हटलं, मिळाला की त्याला हा फळा वाचून दाखवा. आणि चौथ्यांदा तांबडा ऑइल पेंट आणून लिहिलं.

शेठनी दुसरा मॅनेजर अजून आणलेला नाही. नवीन भाडेकरू फळ्यापाशी थांबतात, आठव्या नियमाला हसतात. कुसाबाई हसत नाहीत. त्यांनी शेठचा तो ग्लास वेगळा घासून ठेवला आहे.

'८. दर एप्रिलात मालकाने एक दुपार पत्र्याखाली बसून चहा घ्यावा.'