वहिनीचे उपास

वहिनी गेल्याचा निरोप मला लाखनीला मिळाला. पवनीला माहेरी पोचले तोवर तिला नेलेसुद्धा होते. साधा ताप, पण अंगात रक्तच नव्हते म्हणे. कुठून असणार? आठवड्यातले निम्मे दिवस ती उपाशी. अंगणात बायका म्हणत होत्या, "देवमानूस होती." मला रडूही आले आणि संतापही.

उपासाच्या दिवशी नवराबायकोने वेगळे निजायचे, ही आमच्या घरची रीत. सत्तर सालच्या पुढेमागे वहिनी पहिल्यांदा बाळंत झाली, आणि त्यानंतर तिने आधी सोमवार धरला, मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी... आई गावभर कौतुक सांगायची. भाऊ बिचारा ओसरीत निजायचा. बायकोचे पुण्य आपल्यालाही लागेल म्हणायचा. एकदा धानाच्या रोवणीच्या वेळी बांधावर मी थट्टा केली, "वहिनी, देवाले तरी सुट्टी दे." ती हसली नाही. हळूच म्हणाली, "बाई, तुमचे भाऊ जवळ आले का चाकूनं चिरल्यावानी होते. उपास धरू नाही तं काय करू?"

काहीतरी निमित्त काढून मी तिला भंडाऱ्याला लेडी डॉक्टरकडे नेले. बाईंनी तपासून सरळ सांगितले: बाळंतपणात फाटलेली जागा वेडीवाकडी भरली आहे, लहानशा ऑपरेशनने बरी होईल. दुखेल या भीतीने अंग आखडते, तेही हळूहळू सुटेल, पण नवऱ्याने धीराने घ्यायला हवे. त्यांना घेऊन या. परतताना एसटीत मी म्हटले, "आता भाऊले सांग."

"काय सांगू? इतक्या वर्साचे उपास देवाचे नोहते म्हनून? सारे पाया पडतेत माह्या... मंग थुंकतीन."

"मंग मी सांगतो," मी म्हटले.

तिने मला तिच्या लेकाची शपथ घातली. ती पुन्हा त्या दवाखान्यात गेली नाही. वर्षभरात मंगळवारही धरला.

तेरावे झाले. पंगतीत धाकट्या भावाच्या बायकोने पान बाजूला सारले. तान्हे लेकरू तिच्या मांडीवर होते. म्हणाली, "माहा गुरुवार हाये. मोठ्या बाईच्या नावानं धरला." आईने डोळे पुसले. मी त्या पोरीला परसात नेले आणि विचारले, "दुखते काय तुले?"

तिने मागे वळून दाराकडे पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुमाले कोनं सांगतलं?"